चार दिवस कोणाचे? मराठी मालिका आणि प्रेक्षकांचा वाद

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९९ रोजी, ‘अल्फा मराठी’ ही वाहिनी सुरू झाली. २००५ मध्ये तिचेच ‘झी मराठी’ असे नामांतर झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि त्यामुळे एक गोष्ट सहज लक्षात येते. हिंगोली जिल्ह्याचे वय आणि खासगी वाहिन्यांवरील मराठी कौटुंबिक मालिकांचे वय जवळपास एकच आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांत या काळात जन्मलेली पिढी ज्या संध्याकाळींत वाढली, त्या संध्याकाळी मालिकांच्या होत्या.

मालिका पाहिली जाते त्याहून अधिक ती बोलली जाते. सून चुकली की सासू, नवऱ्याला क्षमा करावी की करू नये, अमुक पात्र उगाच मारले की काय, या प्रश्नांवर ओसरीवर, शेताच्या बांधावर, एस.टी.च्या बाकावर आणि कार्यालयातील डबा खाण्याच्या वेळी वाद रंगतात. हा वाद रिकामपणाचा उद्योग मानण्याची प्रथा आहे. वास्तविक पाहता त्यात एक मोठी सोय दडलेली असते. स्वतःच्या सासूविषयी चारचौघांत बोलता येत नाही. मालिकेतील सासूविषयी मात्र सासूच्या देखतही बोलता येते. परक्या घराचे नाव पुढे करून आपल्या घरातील प्रश्नाची सुनावणी करण्याची ही रीत आहे.

ही रीत दूरचित्रवाणीने निर्माण केलेली नाही. जात्यावर दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांत सीतेच्या वनवासाविषयी बोलता बोलता बाईचे स्वतःचे सासुरवासाचे दुःख प्रकट होत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. जाते घरातून गेले. दुसऱ्या बाईच्या कथेआडून बोलण्याची गरज मात्र राहिली.

साबणाची कथा, पत्रांचा पाऊस

दैनंदिन कौटुंबिक मालिकेला इंग्रजीतून आलेले ‘सोप ऑपेरा’ हे नाव १९३० च्या दशकातील अमेरिकी नभोवाणीचे आहे. दुपारी घरी असणाऱ्या गृहिणींसाठी प्रसारित होणाऱ्या या श्राव्य मालिकांचे प्रायोजक प्रामुख्याने साबण तयार करणारे कारखानदार होते. ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये संपली. ब्रिटनमधील ‘कोरोनेशन स्ट्रीट’ १९६० पासून चालू आहे.

भारतात या प्रकाराचा आरंभ दूरदर्शनवरील ‘हम लोग’ने केला. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या या मालिकेचे लेखन मनोहर श्याम जोशी यांनी केले होते. कुटुंबनियोजन, स्त्रियांचा दर्जा यांसारख्या विषयांवर समाजशिक्षण व्हावे, हा तिचा हेतू होता. मालिकेच्या काळात प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली. एव्हरेट रॉजर्स व अरविंद सिंघल या अभ्यासकांनी या मालिकेच्या प्रभावाची पाहणी केली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट आढळली. निमूटपणे सोसणारी आई, भागवंती, ही ‘असे वागू नये’ याचे उदाहरण म्हणून रंगविली होती. परंतु तिलाच आदर्श मानणारे प्रेक्षकही कमी नव्हते. लेखकाने जे पात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याला प्रेक्षकांनी निर्दोष सोडले.

पुढे खासगी वाहिन्यांच्या काळात प्रेक्षकांच्या मताला कथानक वळविण्याचेही सामर्थ्य आले. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेतील मिहिर विराणी याचा मृत्यू दाखविला गेला, तेव्हा देशभर हळहळ आणि संताप व्यक्त झाला. मिहिरला पुन्हा जिवंत करून कथेत आणावे लागले.

सासूचे दिवस, सुनेचे दिवस

मराठीत प्रदीर्घ मालिकेचा मान ‘ई टीव्ही मराठी’वरील ‘चार दिवस सासूचे’ हिच्याकडे जातो. २००१ मध्ये सुरू झालेली ही मालिका जानेवारी २०१३ मध्ये संपली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग प्रसारित झाले. रोहिणी हट्टंगडी यांनी सासू आशा देशमुख आणि कविता लाड यांनी सून अनुराधा ही भूमिका केली. मालिकेचे नाव म्हणजे म्हणीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा, म्हणजे सुनेचे चार दिवस कधी येणार, हाच अकरा वर्षे चाललेल्या चर्चेचा विषय होता.

या दीर्घ कालावधीचा परिणाम वादाच्या स्वरूपावर होतो. मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत जाणारी मुलगी ती संपेपर्यंत स्वतः सासरी नांदू लागलेली असू शकते. तेव्हाची सून सासूपणाच्या उंबरठ्यावर येते. पात्रे तीच राहतात, पाहणाऱ्याची बाजू बदलते. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला हे साधत नाही.

राधिका आणि अरुंधती

प्रेक्षकांतील वाद कोठून कोठे गेला, हे पाहण्यासाठी एकाच पेचावरील दोन मालिका शेजारी ठेवता येतात. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली तर पत्नीने काय करावे, हा तो पेच.

‘झी मराठी’वरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ या काळात प्रसारित झाली. अनिता दाते यांनी रंगविलेली राधिका सुभेदार नागपूरकडची. हिंगोलीच्या उत्तरेस वाशीम आणि पूर्वेस यवतमाळ हे विदर्भातील जिल्हे असल्याने तिची बोली येथील प्रेक्षकांना ओळखीची, तरीही पूर्णपणे आपली नाही. आरंभी चर्चेचा रोख नवरा गुरुनाथ ताळ्यावर येईल काय, शनायाची खोड मोडेल काय, यावर होता. पुढे राधिकेने मसाल्याचा उद्योग उभारला, तो कोट्यवधींच्या उलाढालीवर पोहोचला आणि वादाला नवे तोंड फुटले. घरगुती मसाल्यातून इतका पैसा उभा राहतो काय? हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगोली-वसमत परिसरात हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही. हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे आणि बाजारात भाव मिळवणे यांत किती कष्ट आणि किती जोखीम असते, हे जेथे घरोघर ठाऊक असते, तेथे राधिकेच्या भरभराटीवर विनोद होणे जितके स्वाभाविक, तितकेच बाईच्या हाती स्वतःचा पैसा असावा हे मान्य होणेही स्वाभाविक. कथानक न पटताही त्यामागील मुद्दा पटू शकतो.

‘स्टार प्रवाह’वरील ‘आई कुठे काय करते’ २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ अखेर संपली. ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून ती बेतलेली होती. त्याच कथाबीजावर हिंदीत ‘अनुपमा’ निघाली. मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची अरुंधती, मिलिंद गवळी यांचा अनिरुद्ध आणि रूपाली भोसले यांची संजना हा तिचा त्रिकोण. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याची प्रतारणा उघड झाल्यावर अरुंधतीने घटस्फोट घेतला, अर्थार्जन सुरू केले आणि पुढे आशुतोषशी विवाह केला. ‘नवरा परत येईल काय’ हा प्रश्न येथे मागे पडून ‘तो परत आला तरी स्वीकारावा काय’ हा प्रश्न पुढे आला. मोठ्या मुलांच्या आईने पुन्हा लग्न करावे काय, यावर तर एकाच घरात दोन तट पडावेत अशी स्थिती होती. याच काळात, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि राज्य शासनाने तो अन्य ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. एकाकी स्त्रीने कसे जगावे, हा प्रश्न पडद्याबाहेरही उभा होता.

या वादात वारंवार येणारा एक मुद्दा कायद्याचा आहे. ‘तिने घर का सोडावे?’ असे प्रेक्षक विचारतात, तेव्हा ते नकळत एका वैधानिक हक्काविषयी बोलत असतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर स्त्रीच्या नावावर नसले तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क त्याने तिला दिला. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी केवळ त्या कारणाने हा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मधील एका निकालात स्पष्ट केले. मालिकांतील नायिका मात्र बहुधा भरल्या डोळ्यांनी उंबरठा ओलांडते. कथेला तो प्रसंग सोयीचा असतो; अशा प्रसंगी खरोखर सापडलेल्या स्त्रीला हक्काची माहिती अधिक उपयोगाची असते.

वीज गेल्यावर

मालिकेचा काळ आणि घड्याळाचा काळ यांतील अंतर हाही वादाचा नित्याचा विषय. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) या मालिकेतील जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की २०१५ मध्ये त्यावरील विनोद मोबाइलवरून घरोघर पोहोचले. प्रेक्षक महिने मोजत होते, कारण बाळंतपणाचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही.

ग्रामीण भागात या काळगणनेत आणखी एक घटक मिसळत असे, तो विजेचा. २००० च्या दशकात महाराष्ट्राच्या खेड्यांना रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसावे लागे. ऐन मालिकेच्या वेळी वीज गेली तर दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण किंवा ज्याने भाग पाहिला त्याचे कथन, हेच दोन मार्ग उरत. असे कथन कधीही कोरडे नसते. सांगणारी व्यक्ती प्रसंगासोबत आपला निर्णयही सांगते आणि ऐकणाऱ्याला मालिका पाहण्यापूर्वीच बाजू मिळते. आज मोबाइलवर हवा तो भाग हवा तेव्हा पाहता येतो. एकाच वेळी सर्वांनी पाहण्याची सक्ती त्यामुळे संपली. तिच्यासोबत दुसऱ्या दिवशी सर्वांनी एकाच प्रसंगावर भांडण्याची खात्रीही कमी झाली.

मोजणारे यंत्र

मालिकेचे भवितव्य ठरविणाऱ्या आकड्यात ग्रामीण प्रेक्षक दीर्घ काळ जवळजवळ नव्हताच. २०१५ पूर्वी प्रेक्षकसंख्येची मोजणी मुख्यतः शहरांपुरती मर्यादित होती. ‘बार्क’ या संस्थेने २०१५ मध्ये नवी पद्धत आणली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाचे आकडेही येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार लोकसंख्येच्या आणि सुमारे ८५ टक्के ग्रामीण असलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ स्पष्ट आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांत कोल्हापूरकडच्या मातीतील ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६) आणि सातारी बोलीतील ‘लागिरं झालं जी’ (२०१७) या मालिका आल्या. हा बदल एकट्या मोजणीमुळे झाला असे म्हणता येणार नाही. परंतु खेड्याकडे पाहण्याचे व्यापारी कारण तिने निश्चित पुरविले.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. २०२० च्या सुमारास देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणी संच असलेल्या घरांसाठी मोजणी यंत्रे ४४ हजारांच्या आसपास घरांत होती. म्हणजे एका घराच्या आवडीवर पावणेपाच हजार घरांची आवड ठरत होती. याहून मोठी अडचण म्हणजे यंत्र पाहणे मोजते, मत मोजत नाही. कौतुकाने पाहणारा आणि ‘हे किती ताणतात’ असे म्हणत पाहणारा, दोघेही यंत्राच्या लेखी सारखेच. चर्चेत ज्या वळणावर सर्वाधिक टीका होते, तेच वळण आकड्यांत यशस्वी ठरू शकते. कंटाळलेल्या प्रेक्षकाचे खरे मत यंत्राला कळते ते एकाच मार्गाने, त्याने वाहिनी बदलली तर.

पाहण्याने काय बदलते?

मालिका पाहून समाज बिघडतो की सुधारतो, हा वाद अभ्यासकांतही आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील २००१ ते २००३ मधील माहितीवरून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात केबल आल्यानंतर पत्नीला मारहाण करणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे आणि मुलगाच हवा असे म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटल्याचे त्यांना आढळले. ज्या काळात पडद्यावर दागिन्यांनी मढलेल्या सुनांचे आणि कारस्थानी सासवांचे राज्य होते, त्याच काळातील हा निष्कर्ष आहे.

यामागील कारण केवळ मालिकांच्या आशयात शोधता येणार नाही. पडद्यावरील नायिका सोसते, रडते, क्षमा करते. परंतु तिच्या सोसण्यावर रोज कोणीतरी मोठ्याने हरकत घेते. ‘मी असते तर’ अशी सुरुवात असलेले वाक्य घरात उच्चारले जाते. ते सासू ऐकते, नवरा ऐकतो, अभ्यासाचे पुस्तक समोर धरून बसलेली मुलगीही ऐकते. उद्या तिच्यावर तसा प्रसंग आलाच, तर त्यावर घरातील कोणाचे काय मत आहे, हे तिला आधीच ठाऊक असते.