कुटुंबासह उपाहारगृहात : साध्या जेवणाची पारख

उपाहारगृहांच्या परीक्षणात सहसा नव्या, महागड्या आणि वातानुकूलित ठिकाणांना मान मिळतो. सर्वसामान्य मराठी कुटुंब मात्र महिन्यातून एक-दोनदा ज्या ठिकाणी जाते, ते ठिकाण बहुधा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. तेथील पदार्थ पाठ असतात आणि वाढप्याला कुटुंबाच्या आवडीनिवडी ठाऊक असतात. इंग्रजीत ज्याला 'कम्फर्ट फूड' म्हणतात, त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. पण मऊ वरणभात, गरम थालीपीठ, सांबारात बुडालेली इडली किंवा चहात बुडवलेला मस्कापाव यांनी जिवाला मिळणारा निवांतपणा मराठी माणसाला नवा नाही. अशा साध्या उपाहारगृहांची परंपरा कशी घडली आणि त्यांची पारख कोणत्या निकषांवर करावी, याचा हा आढावा.

बाहेर खाणे : एक सामाजिक प्रश्न

सहकुटुंब बाहेर जेवणे आज नित्याचे वाटते, पण महाराष्ट्रात ते फार जुने नाही. कोणाच्या हातचे, कोणाच्या पंक्तीला आणि कोणाच्या घरी खावे, याचे नियम जातीने ठरवून दिले होते. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य माजले आणि त्यात न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. उपाहारगृहांच्या पाट्यांवर मालकाची वा आचाऱ्याची जात लिहिण्याची प्रथा याच मानसिकतेतून आली. ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्यांच्यासाठी तर अनेक ठिकाणी दारच बंद असे किंवा कपबशी वेगळी ठेवलेली असे.

राज्यघटना तयार झाली तेव्हा म्हणूनच अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने अशा ठिकाणी प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. उपाहारगृहातील टेबल हे केवळ खाण्याचे साधन नसून समाजाने मोठ्या संघर्षानंतर मिळवलेली सामायिक जागा आहे, हे कोणत्याही परीक्षकाने विसरू नये.

खानावळ : एकट्या पुरुषांचे घर

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तशी कोकणातून आणि घाटावरून कामगारांची रीघ लागली. त्यांतील बहुसंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून येत. त्यांच्या जेवणाची सोय केली ती गिरणगावातील चाळींमधल्या खानावळींनी. दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई दहा-पंधरा गाळेकऱ्यांचा स्वयंपाक करी आणि महिन्याच्या पगारावर हिशेब चुकता होई. शिधा उधारीवर आणायचा आणि सावकाराचे व्याज भरत राहायचे, हे या बायांचे प्राक्तन होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या खानावळवाल्यांना संघटित केले आणि त्यांना बँकांच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगारवस्तीचे अर्थकारणच कोसळले आणि खानावळींचा मूळ ग्राहक विखुरला.

पुण्यात खानावळीचा आधार विद्यार्थी आणि नोकरदार यांना होता. तेथील पूना गेस्ट हाऊस हे वेगळे उदाहरण. मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर ते सुरू केले आणि नाट्य-चित्रपट व्यवसायातील मंडळींचे ते हक्काचे ठिकाण झाले. खानावळीने मराठी माणसाला घराबाहेर घरचे अन्न दिले. पण त्या पंगतीत बायका-मुले क्वचितच असत. स्वयंपाक करणारी बाई आत, जेवणारे पुरुष बाहेर, अशीच ती रचना होती.

इराणी आणि 'फॅमिली रूम'

कुटुंबाला उपाहारगृहाचे दार उघडण्यात इराण्यांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द, केरमान या भागांतून आलेल्यांनी मुंबईत आणि नंतर पुण्यात चहाची दुकाने थाटली. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली असे सांगतात. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, मोठे आरसे आणि काचेच्या बरण्यांतील बिस्किटे ही त्यांची ओळख. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, तर बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. पुण्याच्या डेक्कनवरील गुडलक १९३५ चे.

येथे जात विचारली जात नसे. हमाल आणि वकील एकाच टेबलावर चहा पीत. पोटमाळ्यावर किंवा एका बाजूला लाकडी आडोशाने वेगळी केलेली 'फॅमिली रूम' असे. स्त्रियांना परक्यांच्या नजरेपासून दूर बसता यावे, हा तिचा हेतू. आजच्या दृष्टीने तो आडोसा बंधनाचा वाटेल आणि तो तसा होताही. परंतु ज्या काळी घरातील स्त्रीने बाहेर खाणे हेच अमर्याद समजले जाई, त्या काळी याच आडोशामागे अनेक स्त्रियांनी पहिल्यांदा दुसऱ्याने केलेला, दुसऱ्याने वाढलेला पदार्थ खाल्ला. आजही काही ठिकाणी ही पाटी दिसते. तिचा अर्थ मात्र अनेकदा इतकाच उरला आहे, की तोच पदार्थ वातानुकूलित खोलीत चार पैसे जास्त देऊन खायचा.

इराण्याकडील पारख सोपी आहे. ब्रून पाव बाहेरून खरपूस आणि आतून हलका हवा, मस्का खरे लोणी हवे, आणि चहा दाट असूनही तुरट होता कामा नये. खिमा तेलात तरंगत असेल तर तो शिळ्याचा गरम केलेला असण्याचा संभव अधिक. मुलांसाठी मावा केक आणि कॅरॅमल कस्टर्ड, ज्येष्ठांसाठी बन मस्का, अशी सर्व वयांची सोय येथे होते.

उडुपी : सर्वांना परवडणारी शुचिता

दुसरी मोठी परंपरा दक्षिण कन्नडमधून आली. उडुपीच्या श्रीकृष्ण मंदिराच्या आणि अष्टमठांच्या अन्नदानाच्या परंपरेत तयार झालेले आचारी मुंबईत आले आणि माटुंगा हे त्यांचे केंद्र बनले. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा स्थानकाजवळ सुरू केलेले श्रीकृष्ण बोर्डिंग केळीच्या पानावरील जेवणासाठी प्रसिद्ध झाले. त्याच परिसरातील कॅफे मद्रास १९४० चे.

उडुप्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या तीन चिंता मिटवल्या : स्वच्छता, शाकाहार आणि खर्च. इडली काही मिनिटांत येते, ती लहान मुलाला आणि दात गेलेल्या आजोबांना सारखीच चालते आणि महिनाअखेरीसही परवडते. राइस प्लेट या एका शब्दात पोळी, भाजी, डाळ, भात, ताक आणि पापड यांचा मेळ बसला. कॉफी 'वन बाय टू' घेण्याची मुभा ही तर या संस्कृतीची माणुसकी म्हणावी लागेल.

मात्र गेल्या काही दशकांत अनेक उडुप्यांची पदार्थसूची पंजाबी, चिनी आणि पिझ्झा यांनी फुगली आहे. दोनशे पदार्थ देणाऱ्या स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थ ताजा असणे अवघड. त्यामुळे येथे परीक्षा घ्यावी ती साध्या इडलीची आणि रसमची. इडली बोटाने दाबल्यावर पुन्हा वर यावी, तिला आंबवणाचा सौम्य गंध असावा. चटणीतील नारळ त्या दिवशी खवलेला असावा. या तीन गोष्टी जमल्या, की बाकीचे बहुधा जमलेले असते.

मराठी पदार्थांची उपाहारगृहे

मराठी पदार्थ उपाहारगृहात मिळत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. ती पूर्णांशाने खरी नाही. दादर स्थानकाजवळील मामा काणे यांच्या उपाहारगृहाची सुरुवात १९१० ची. दादर-गिरगावात साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी, डाळिंबी उसळ आणि पीयूष देणारी ठिकाणे पिढ्यानपिढ्या चालली. दादरचे आस्वाद १९८६ मध्ये सुरू झाले. त्याच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधील 'फूडी हब' पुरस्कारांत जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हा घरोघरी आनंदाइतकाच वादही झाला. मिसळ पुण्याची, कोल्हापूरची, नाशिकची की मुंबईची, हा प्रश्न पुरस्काराने सुटणारा नव्हताच.

या पदार्थांची अडचण अशी, की त्यांची तुलना नेहमी आईच्या हातच्या चवीशी होते. थालीपीठ चांगले असूनही 'घरच्यासारखे नाही' असा शेरा मिळतो. वस्तुतः उपाहारगृहाला एकच चव हजारो पानांत राखायची असते, तर घरचा स्वयंपाक एका कुटुंबाच्या जिभेसाठी असतो. म्हणून निकष वेगळे हवेत. भाजणी खमंग भाजलेली आहे का, साबुदाणा वडा आतून मऊ आणि बाहेरून तेलकट नसलेला आहे का, मिसळीतील उसळ शिजलेली आणि स्वतःची चव असलेली आहे का, की केवळ तर्रीच्या तिखटावर सारे निभावले आहे, हे पाहावे. तर्री वेगळ्या वाटीत मिळत असेल तर ते ठिकाण कुटुंबाचा विचार करणारे आहे, असे खुशाल समजावे. मालवणी खानावळीत हीच कसोटी सोलकढीची : नारळाचे दूध ताजे आणि कोकमाचा आंबटपणा नेमका.

पारख कशी करावी

कौटुंबिक उपाहारगृहाचे परीक्षण एकट्याने करता येत नाही. एकटा परीक्षक चव सांगू शकेल. पण चार वर्षांचे मूल, आजी, मधुमेही वडील आणि दिवसभर राबलेली गृहिणी यांना ते ठिकाण कसे वागवते, हे त्यांच्यासह बसल्यावरच कळते. पुढील गोष्टी नोंदवाव्यात.

पहिली, जागा. पायऱ्या किती, ज्येष्ठांना बसता येईल अशी खुर्ची आहे का, स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ आहे का. दुसरी, वेळ. आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि रविवारी रात्री अशा किमान दोन भेटी द्याव्यात. गर्दीत जे ठिकाण चव आणि सौजन्य सोडत नाही, तेच भरवशाचे. तिसरी, वाढप. सर्वांची ताटे थोड्याफार अंतराने एकत्र येतात, की एकाचे जेवण संपल्यावर दुसऱ्याचे येते. चौथी, लवचीकता. कमी तिखट, अर्धी प्लेट, साखरेविना चहा या मागण्यांवर कपाळाला आठी पडते का. पाचवी, बिल. चार जणांचे पोट भरण्याचा खर्च लिहावा. एका पदार्थाची किंमत फसवी असते.

ग्राहकाचे हक्क

काही बाबी ग्राहकाने जाणून घेतल्या पाहिजेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून तो ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. उपाहारगृहाचा चौदा अंकी परवाना वा नोंदणी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वाढप्याला खुशीने दिलेली बक्षिसी हा वेगळा विषय; ती त्याच्या हाती दिलेली बरी.

काय टिकवायचे आहे

शहरांतील जागांचे भाडे, पुनर्विकास, कुशल आचाऱ्यांची टंचाई आणि घरपोच जेवण पोहोचवणारी ॲप यांच्या रेट्यात साधी उपाहारगृहे मिटत आहेत. धोबीतलावचे बस्तानी केव्हाच बंद झाले. घरपोच आलेला डबा पोट भरतो, परंतु तो प्रत्येकाला आपापल्या खोलीत जेवण्याची मुभाही देतो. उपाहारगृहातील टेबलावर मात्र तीन पिढ्यांना समोरासमोर बसावे लागते, पदार्थ वाटून घ्यावे लागतात आणि शेजारच्या टेबलावरील परक्या कुटुंबाचे अस्तित्व मान्य करावे लागते. शिवाय घरातल्या ज्या व्यक्तीने रोज सर्वांना वाढले, तिला त्या तासाभरापुरते कोणीतरी वाढते. साध्या उपाहारगृहाचे मोल ठरवताना चवीच्या जोडीने या गोष्टीचीही नोंद व्हायला हवी, कारण पदार्थाची कृती लिहून ठेवता येते. एकत्र बसण्याची जागा एकदा गेली, की ती पुन्हा उभारणे कठीण असते.