तारकर्ली
सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास कर्ली नदी यांच्यामधून देवबागच्या संगमापर्यंत निमुळती होत गेलेल्या वालुकामय पट्टीवर ते वसले असून, पावसाळा सरल्यावर येथील पाणी विलक्षण निर्मळ होते. नौकाविहार रूढच आहे; परंतु प्रवाशाने चुकवू नये ते सागरतळाचे दर्शन, कारण शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी केली त्या नजीकच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ वाढते, आणि या अमोल संपत्तीच्या रक्षणार्थच सरकारने १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. प्रवाळास स्पर्श करणे सर्वथा वर्ज्य मानावे. पावसाळ्यात दर्या खवळत असल्याने जलक्रीडा व किल्ल्याकडील होड्यांची वाहतूक बंद असते.