खुद्रीचे नाव

पावसाचे पहिले पाणी आरे कॉलनीतल्या ओढ्यांतून खळाळू लागले, की पाड्यांवरची मुले चढणीच्या माशांमागे धावतात. हाती आलेल्या माशाचे नाव मुलाला ठाऊक असते. ते त्याला आजीने सांगितलेले असते. तेथून फार लांब नाही, वर्सोव्याला, १९६१ साली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. तिच्या दप्तरी मासा लॅटिन नावाने ओळखला जातो. आजीचे नाव आणि दप्तरातले नाव यांची गाठ कधी पडते काय? एकदा पडली, तिचीच ही हकीकत.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या लष्करातला अधिकारी. १८२४ साली सरकारने त्याला दख्खनची आकडेवार माहिती गोळा करण्यास नेमले. गावे, पिके, माणसे मोजता मोजता तो नद्यांतले मासेही टिपू लागला, आणि १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळामार्फत त्याने त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. मौज अशी, की नव्या जातींपैकी अनेकांना त्याने आपल्याकडचीच नावे दिली. शिंगाळा, कोळस हे आपले शब्द इंग्रजी कानाने ऐकले गेले, थोडे वेडेवाकडे झाले, पण शास्त्रात जाऊन बसले. पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर मुळामुठेत मिळालेल्या महसीर माशाला त्याने ‘खुद्री’ म्हटले.

शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्या नावापुढे साइक्सचे नाव लागते; ज्याच्या तोंडून शब्द आला, त्याचे लागत नाही.

पुढे शंभर वर्षांनी डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्याच्या खाड्यांतला एक चिमुकला, जवळजवळ पारदर्शक मासा जगापुढे आणला. १९४० साली त्याचे नाव ठेवताना त्यांनी डॉ. होरा आणि डॉ. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांचे स्मरण केले: होराइक्थिस सेटनाय. तेच कुलकर्णी उतारवयात खुद्रीकडे वळले. धरणांनी वाहते पाणी अडले होते, महसीर विरळ होत चालला होता. लोणावळ्याजवळ वळवणला, टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात, त्यांनी या माशाची अंडी काढून, फळवून पिले वाढविण्याची रीत बसविली. १९७८ साली ओगले यांच्यासह ती प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या मथळ्यातही १८३९ चा तोच शब्द आहे: खुद्री.

नदीकाठच्या कोणा अनामिकाचा एक शब्द कागदावर उतरला, म्हणून जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञाला नेमका तोच मासा हुडकता आला आणि पुन्हा पाण्यात सोडता आला. जे नाव लिहिलेच गेले नाही, तो मासा नाहीसा झाला तरी कोणाला चुकल्यासारखे वाटणार?

तेव्हा यंदा फराळाला बसताना घरातल्या वडीलधाऱ्यांना माशांची नावे विचारा, आणि मुलांच्या वहीत ती लिहून ठेवा.