एका भट्टीचा अर्ज

गेल्या हंगामानंतर माझ्या ओळखीच्या एका गोमंतकीय कुटुंबाने आपली काजूची भट्टी कायमची बंद केली. परवाना पुढे चालविणार नसल्याचा अर्ज लिहून घेण्यासाठी घरातील वडील गृहस्थ माझ्याकडे आले. चार ओळींचा मजकूर. परंतु सही करताना ते थबकले व म्हणाले, ‘‘वकीलबाब, ‘स्वेच्छेने’ हा शब्द हवाच काय?’’

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

नित्य देवळात जाणारे काही वाचक म्हणतील, दारूची भट्टी विझली, बरेच झाले. मद्यपानाची वकिली मला करावयाची नाही. तथापि गावच्या राखणदारापुढे आपण रोटाबरोबर जो सोरो ठेवतो, तो कोणाच्या तरी चुलीवरच निघत आला आहे.

1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. परवान्यावाचून माडाची सूर काढणे गुन्हा ठरले. झाडागणिक कर बसला. विखुरलेल्या लहान भट्ट्यांवर पहारा ठेवणे कठीण, म्हणून मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे सरकारचा कल झाला व उरण हे त्यांचे मोठे केंद्र बनले. पुढे 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. यात दारू बंद झाली नाही. ती गाळणारी घरे तेवढी बंद झाली. भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा महसुलाच्या वहीत जमा झाला.

त्याच वर्षी, 26 डिसेंबर 1878 रोजी, ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात तह झाला. 1880 च्या जानेवारीत तो अमलात आला आणि ब्रिटिश मुलखातील अबकारी पद्धत गोव्यात आणण्याचे बंधन पोर्तुगीज सरकारवर पडले. गोव्याच्या मिठावरही ब्रिटिशांचे नियंत्रण आले. त्याबद्दल पोर्तुगीजांना वर्षाकाठी 4 लाख रुपये मिळत. हा हिशेब दोन सरकारांमधला होता. माडावर चढणाऱ्या रेंदेराचा नव्हता. 1892 मध्ये तह संपला. परंतु घरच्या भट्टीचा पहिला भागीदार सरकार, ही कल्पना मागे राहिली.

काजूच्या भट्ट्या गोव्यात त्यानंतरही टिकल्या. बोंडे कोळंबीत तुडवायची, रस आंबवायचा, भांडे चढवून आधी उर्राक व मग फेणी काढायची, ही विद्या बापाकडून मुलाकडे आली. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. नाव सुरक्षित झाले. ते नाव कमावणारी चूल पेटती ठेवण्याची सोय मात्र त्या नोंदणीत नाही.

आमच्या या गृहस्थांना कोणी भट्टी बंद करण्याचा हुकूम दिला नव्हता. लिलावातील बोलीची रक्कम हंगामाआधी उभी राहीना, बोंडे वेचायला माणसे मिळेनात, मुलगा आगबोटीवर नोकरीला गेला. कायद्याच्या भाषेत यालाच स्वेच्छा म्हणतात. ज्याच्यापुढे दुसरी वाटच उरली नाही, त्याच्या होकाराला न्यायाने हे नाव द्यावे काय?

मी तो शब्द खोडला. अर्ज त्यावाचूनही स्वीकारला गेला.

तांब्याचे भांडे त्यांनी अद्याप मोडीत काढलेले नाही. ते पडवीत पालथे घालून ठेवले आहे.