सात आला की उडी मारा

जरा सरकून बसा, बाकावर तुमच्याआधी चार पोरं आहेत. पावणेचार हजार वर्षं मागं आलात तुम्ही, दक्षिण इराकमधल्या निप्पूर गावात. शाळा म्हणजे कच्च्या विटांच्या घराचं अंगण. ऊन डोक्यात शिरतंय, भाकरीच्या भट्टीची धग गालाला लागतेय, जुन्या पाट्या भिजत घातलेल्या टाकीतून ओल्या मातीचा वास येतोय. घामाचा वास मात्र तुमचाच.

हळू बोला. इथं घरची अक्कदी भाषा तोंडून निसटली तरी छडी बसते, शाळेत सुमेरीच चालते. मराठीचं काय होईल, ते न आजमावलेलं बरं.

हा मातीचा गोळा घ्या आणि तळहातावर थापून चकती करा. माती सुकायच्या आत लिहायचंय. बोरूची उभी खूण म्हणजे एक, तिरपी म्हणजे दहा. हिशेब सगळा साठाचा. तुमच्या घड्याळातली 60 मिनिटं याच हिशेबातून आली. एकाचे भाग करायचे तेही साठाव्या भागांतच. पोरं एका सुरात घोकतायत: दोनाला तीस, तीनाला वीस, चाराला पंधरा. तीनावर लक्ष द्या. आपण 0.333 लिहीत राहतो आणि कागद संपतो. इथं दोन तिरप्या खुणांत काम फत्ते!

सहा झाले, की पोरं थेट आठावर. सात कुठं गेला? सातानं भागायला बसलात तर 8, 34, 17 येतात, मग पुन्हा 8, 34, 17, आणि ही रांग काही थांबत नाही. म्हणून पाढ्यात सात घेतच नाहीत. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं.

आता चौरस काढा, कर्ण आखा. बाजूवर 30 लिहा. कर्ण बाजूच्या किती पट? शेजारचा पोरगा पाठ केलेला आकडा भराभर उमटवतो: 1, 24, 51, 10. दशांशात मांडलात तर पाचव्या घरापर्यंत अचूक!

पुढचा आकडा त्याला विचारू नका, छडीवाले इकडेच येतायत. तीनाचा भाग दशांशात अडला तरी साठात संपतो. साताचा दोन्हीकडे संपत नाही, पण निदान त्याच आकड्यांवर परत येतो. कर्णाची ही रांग दशांशात लिहा नाहीतर साठात, ती संपतही नाही आणि फिरून परतही येत नाही. कुठलाच अपूर्णांक तिच्याशी तंतोतंत जुळत नाही. अशा संख्येला आपण अपरिमेय म्हणतो, पण ते सिद्ध करणारे ग्रीक यायला अजून हजारावर वर्षं आहेत. तोवर दहावर थांबायचं आणि बोरू खाली ठेवायचा.

तळहातात मावणारी अशीच एक चकती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. बाजूवर 30, कर्णावर 1, 24, 51, 10 आणि त्याखाली कर्णाची लांबी 42, 25, 35, हे सगळं तिच्यावर अजून वाचता येतं.