साथीचा काळ आणि विद्यार्थी जलतरणपटू

साथीच्या रोगाचा इतिहास लिहितांना मृतांची गणना करितात, आणि तें योग्यच आहे. परंतु साथ माणसाचे केवळ प्राणच नेते असें नाहीं. जे वांचतात त्यांचा काळहि ती नेते, आणि या हानीची नोंद सहसा कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं. 2020 सालच्या करोनाच्या साथींत महाविद्यालयांतील पोहणाऱ्या विद्यार्थ्यांची जी हानि झाली ती या दुसऱ्या प्रकारची होय. तिचा विचार आम्ही येथें धाराशिव जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून करणार आहों.

त्या वेळीं उस्मानाबाद या नांवानें ओळखला जाणारा हा जिल्हा अवर्षणाबद्दल प्रसिद्ध. तरी पोहणें येथें अपरिचित नाहीं. पाठीस वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरींत उडी घेणें, हीच खेड्यांतील पोरांची पोहण्याची शाळा. आणि वैशाखांत विहीर आटली कीं या शाळेस सुटी! परंतु विहीर न बुडण्याची विद्या शिकविते, शर्यतीची नव्हे. शर्यतीस पंचवीस किंवा पन्नास मीटरांची मोजलेली लांबी, वळतांना पाय रेटावयास सपाट भिंत आणि घड्याळ हातीं घेतलेला शिक्षक लागतो. म्हणजे मुलाचें कौशल्य विहिरींत जन्मलें तरी तें वाढतें पोहण्याच्या बांधीव तलावांत. आणि तो तलाव सरकारी हुकुमानें बंद होऊं शकतो.

तसा तो झाला. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. धावणाऱ्यास गच्चीवर पाय मोकळे करितां येतात, मल्लास अंगणांत जोर-बैठका काढतां येतात. पोहणाऱ्यास मात्र पाण्यावांचून गति नाहीं. पाणी हवेपेक्षां सुमारें 800 पट दाट. त्याचा रेटा तळहातास ओळखीचा राहावा म्हणून नित्य पाण्यांत उतरावें लागतें. कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांनीं 2008 सालीं बीजिंग ऑलिंपिक गाठलें व 2010 च्या आशियाई स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. अशा कसलेल्या पोहणाऱ्यासहि, तलाव असेच बंद राहिले तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असें जून 2020 मध्यें जाहीरपणें म्हणावें लागलें. मग ज्यांचें नांव अद्याप कोणीं ऐकलें नाहीं अशा विद्यार्थ्यांची अवस्था काय झाली असेल?

तलावाचें भय नवें नव्हे. अमेरिकेंत पोलिओच्या साथींच्या काळीं, 1955 सालीं लस मिळेपर्यंत, ऐन उन्हाळ्यांत गांवोगांवचे तलाव बंद ठेवीत. करोनाच्या वेळीं क्लोरिन घातलेल्या पाण्यांतून रोग पसरतो असा पुरावा नव्हता. भय होतें तें काठावरच्या गर्दीचें व कपडे बदलण्याच्या कोंदट खोल्यांचें. तेव्हां तलाव बंद केले हें चुकलें, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ते पुन्हां उघडतांना आधीं कोणास आंत घेतलें?

केंद्र सरकारनें 15 ऑक्टोबर 2020 पासून खेळाडूंच्या सरावासाठीं तलाव उघडण्यास संमति दिली. योगायोग असा, कीं त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली आणि एरव्हीं पाण्यासाठीं आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यांचें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. चहूंकडे पाणी, पण विद्यार्थ्यास सरावापुरतें नाहीं! महाराष्ट्रांत ही मोकळीक 5 नोव्हेंबरपासून मिळाली, ती राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंपुरती. महाविद्यालय व विद्यापीठ या पातळ्यांचा तींत उल्लेख नव्हता. पुढें 2021 च्या दुसऱ्या लाटेंत तलावांस पुन्हां कुलपें लागलीं.

या विलंबाचें मोल कालगणनेनें कळतें. पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा फेब्रुवारी-मार्च 2020 मध्यें भुवनेश्वर येथें झाल्या. त्यानंतरच्या झाल्या त्या एकदम एप्रिल-मे 2022 मध्यें, बंगळूर येथें. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यांतील दोन वर्षें अशीं गेलीं. नामांकित खेळाडूस पुढचें वर्ष असतें; विद्यार्थ्यास पदवी हातीं पडतांच नोकरी किंवा शेती बोलावते. त्याचें गेलेलें वर्ष परत येत नाहीं.

राज्य पातळीचा खेळाडू आकाशांतून पडत नाहीं. तो महाविद्यालयाच्या संघांतूनच वर येतो. जो वर पोहोंचला त्यालाच पाणी द्यावयाचें, तर वर पोहोंचण्याची वाटच आपण बंद करितों. मोठ्या शहरांतील मुलास एक तलाव बंद असला तर दुसरा शोधतां येईल. धाराशिवसारख्या जिल्ह्यांत ती सोय नाहीं. पुढें कधीं साथ आली आणि तलाव थोड्यांसाठींच उघडण्याची वेळ आली, तर त्या थोड्यांच्या यादींत महाविद्यालयीन पोहणाऱ्याचें नांव आरंभींच असावें, एवढाच बोध या इतिहासांतून आम्हांस घ्यावासा वाटतो.