सागरी तेलप्रदूषण करणाऱ्या जहाजांची ओळख

समुद्रात सोडलेले वा सांडलेले तेल कोणत्या जहाजातून आले, हे पुराव्यानिशी ठरविण्याची पद्धती. अपघातात दोषी जहाज बहुधा समोरच असते. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे सु. १,१९,००० टन कच्चे तेल वाहून नेणारे जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदरानजीक ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. या दोन्ही घटनांत प्रश्न भरपाईचा व जबाबदारीचा होता, ओळखीचा नव्हता. याउलट टाक्या धुतलेले पाणी, परतीच्या प्रवासात समतोलासाठी रिकाम्या तेलटाक्यांत भरलेले पाणी आणि एंजिनघराच्या तळाशी साचणारे तेलमिश्रित पाणी ही जहाजाच्या नित्य कामकाजातील घाण मुद्दाम व गुपचूप सोडली जाते. तवंग दृष्टीस पडेपर्यंत जहाज दूर गेलेले असते. त्यामुळे या विषयातील कायद्याचा इतिहास हा बव्हंशी पुराव्याच्या शोधाचा इतिहास आहे.

ब्रिटनने १९२२ मध्ये व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९२४ मध्ये आपापल्या जलक्षेत्रापुरते कायदे केले. १९५४ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये (अंमल १९५८ पासून) सामान्यतः किनाऱ्यापासून ५० मैलांच्या पट्ट्यात दशलक्ष भागांत १०० भागांहून अधिक तेल असलेले पाणी सोडण्यास मनाई करण्यात आली आणि जहाजावर तेलनोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. परंतु सोडलेल्या पाण्यातील तेलाचे प्रमाण बाहेरून मोजता येत नसे. शिवाय प्रादेशिक जलक्षेत्राबाहेरील गुन्ह्याबद्दल खटला भरण्याचा अधिकार जहाजाचा ध्वज ज्या देशाचा, त्या देशालाच होता. हानी एका देशाच्या किनाऱ्याची आणि कारवाई दुसऱ्या देशाच्या मर्जीवर, अशी ही स्थिती होती.

१९६९ च्या दुरुस्तीने (अंमल १९७८ पासून) तेलवाहू जहाजाने एका फेरीत सोडावयाच्या एकूण तेलावर मालक्षमतेच्या १/१५,००० इतकी मर्यादा घातली. टाक्या धुऊनही तेलाचा गाळ जहाजावर राखला, तरच ही मर्यादा पाळता येत असे. म्हणून तेल भरण्यासाठी बंदरात आलेल्या जहाजाच्या टाक्या पूर्ण स्वच्छ व गाळरहित आढळल्यास, घाण समुद्रात गेल्याचा तो पुरावा ठरू शकत असे. पुढे १९७३ च्या ‘मार्पोल’ करारात व १९७८ च्या त्याच्या पूरक करारात (अंमल २ ऑक्टोबर १९८३ पासून) समतोलाच्या पाण्यासाठी स्वतंत्र टाक्या आणि कच्च्या तेलानेच टाक्या धुणे यांसारख्या रचनात्मक अटी आल्या. गुन्हा घडताना पकडण्यापेक्षा जहाजाची बांधणी तपासणे सोपे असते. ओळखीतील अपयशाला कायद्याने दिलेले हे उत्तर होय.

हवाई टेहळणी : उत्तर समुद्राकाठच्या देशांनी १९६९ मध्ये बॉन येथे सहकार्याचा करार केला व पुढे विमानांतून टेहळणी सुरू केली. तेलाचा थर पृष्ठभागावरील बारीक लहरी दाबून टाकतो. त्यामुळे रडारचे तरंग कमी परत येतात व प्रतिमेत तो भाग काळा दिसतो. अवरक्त व जंबुपार संवेदकांनी तवंगाविषयी अधिक माहिती मिळते. तवंगाच्या रंगावरूनही जाडीचा अंदाज बांधतात. बॉन कराराच्या संकेतानुसार रुपेरी झाक ०·०४ ते ०·३ मायक्रोमीटर, इंद्रधनुषी छटा ०·३ ते ५ मायक्रोमीटर व धातूसारखी चकाकी ५ ते ५० मायक्रोमीटर जाडी दर्शविते. मात्र वारा अगदी मंद असल्यास किंवा शैवलांचा स्निग्ध थर असल्यासही प्रतिमेत काळे डाग उमटतात.

रासायनिक ओळख : प्रत्येक खनिज तेलातील हायड्रोकार्बनांचे परस्परप्रमाण वेगळे असते. वायु-वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान यांच्या साहाय्याने तवंगाचा नमुना संशयित जहाजाच्या टाकीतील नमुन्याशी ताडून पाहतात. ऊन, वारा व सूक्ष्मजंतू यांमुळे हलके घटक लवकर नाहीसे होतात. होपेन व स्टेरेन ही जैव खुणांची संयुगे मात्र दीर्घकाळ टिकतात. निर्दोष जहाज वगळण्यास ही पद्धत फार उपयुक्त आहे. पण एकाच पुरवठ्यातील इंधन घेतलेल्या दोन जहाजांत फरक करणे कठीण जाते.

उपग्रह व नोंदी : १९९१ मध्ये सोडलेल्या ईआरएस-१ पासून उपग्रहांवरील रडारचा वापर वाढला. एप्रिल २००७ मध्ये युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेने ‘क्लीनसीनेट’ ही सेवा सुरू केली. २००४ च्या अखेरीपर्यंत आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांवर स्वयंचलित ओळखयंत्रणा बसविणे अनिवार्य झाले होते. वारा व प्रवाह यांवरून तवंगाचा मागील मार्ग काढून तो जहाजांच्या मार्गांशी जुळवितात. ही यंत्रणा बंद ठेवणारे जहाज मात्र निसटू शकते.

पुष्कळदा निर्णायक पुरावा समुद्रावर नव्हे, तर जहाजावरच सापडतो. १९९४ मध्ये प्वेर्त रीकोजवळ ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ या प्रवासी जहाजामागे अमेरिकी तटरक्षक विमानाला तवंग दिसला. जहाजाची तेलनोंदवही खोटी ठरली आणि १९९८ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’च्या प्रकरणात २०१३ मध्ये नव्यानेच रुजू झालेल्या अभियंत्याने तेल गाळणारे यंत्र टाळून जोडलेल्या चोरनळीची माहिती दिली. २०१६ मध्ये कंपनीने ४ कोटी डॉलर दंड मान्य केला.

भारतीय किनाऱ्यावर नैर्ऋत्य मॉन्सूनच्या सुमारास गुजरात, कोकण व गोवा येथे डांबरासारखे गोळे येऊन पडतात. पुळणी खराब होतात आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना ते चिकटतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जैव खुणांच्या आधारे अशा गोळ्यांचा अभ्यास केला आहे. त्यांतील काहींचा संबंध तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्याशी, तर काहींचा मुंबई हाय तेलक्षेत्राशी जुळला. परंतु तेलाचा उगम कळला, तरी विशिष्ट जहाज कळतेच असे नाही. संशयित जहाजाच्या टाकीतील नमुना वेळेत न घेतल्यास तुलना अपुरी राहते व किनारा साफ करण्याचा भार किनाऱ्यावरील लोकांवर पडतो.

१९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराने (अंमल १९९४ पासून) बंदर असलेल्या व किनारा असलेल्या देशांना चौकशीचे व काही प्रसंगी खटल्याचे अधिकार दिले. या अधिकारांची परिणामकारकता मात्र तवंग, नमुना, जहाजाचा मार्ग व नोंदवही हे चारही दुवे एकाच जहाजापाशी जुळविण्यावर अवलंबून असते.